बँकॉकचे पहिले तीन दिवस: पाठीवर सॅक, खिशात सुटे बाट

मुंबईहून बँकॉकला जाणारी बरीच विमानं रात्री निघतात आणि पहाटे उतरतात. प्रवास साडेचार तासांच्या आसपास, त्यात तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. म्हणजे झोप धड झालेली नसते, हॉस्टेलची खाट दुपारी दोनशिवाय मिळत नाही आणि पाठीवर दहा किलोंचं ओझं असतं. पहिल्यांदाच एकट्याने बाहेर पडलेल्यांचे पैसे याच तासांत जातात. पेंगुळलेला माणूस समोर येईल त्या टॅक्सीत बसतो.

म्हणून इथे ‘बँकॉकमध्ये पाहावं असं काय काय’ ही यादी नाही. पहिले तीन दिवस कसे काढायचे, एवढंच सांगतो. माझी पद्धत साधी आहे: या तीन दिवसांत मेट्रोची निळी लाइन आणि चाओ फ्राया नदी सोडून फार लांब जायचं नाही. बँकॉकच्या रस्त्यांवरची कोंडी पाहिली की आपला घोडबंदर रोड बरा वाटू लागतो. पण रूळ आणि पाणी यांवर कोंडी होत नाही.

निघण्याआधी घरी बसून करायचं

जुलै २०२४ मध्ये भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय ६० दिवसांचा प्रवेश सुरू झाला. हा नियम बदलत राहतो, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहा. मित्र दोन वर्षांपूर्वी कसा गेला होता, त्यावर जाऊ नका.

१ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं झालं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि ते पूर्णपणे मोफत आहे. हुबेहूब दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं शोधयंत्रात वरच दिसतात. कुणी पैसे मागितले की समजा, पत्ता चुकला. मिळालेल्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट, परतीचं तिकीट आणि हॉस्टेलचं बुकिंग फोनमध्ये ठेवा, शिवाय कागदावरही. इमिग्रेशनच्या रांगेत बॅटरी संपलेला माणूस फार केविलवाणा दिसतो.

पैशांचं म्हणाल तर एक बाट म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये. थोडे कोरे, न दुमडलेले डॉलर आणि एक फॉरेक्स कार्ड एवढं पुरतं. परदेशी कार्डावर तिथली एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क कापतात, म्हणून तीनदा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. यंत्र ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारतं, तेव्हा नको म्हणा. तो दर कायम महाग पडतो.

सॅकमध्ये एक पूर्ण लांबीची सुती पँट, खांदे झाकणारा शर्ट किंवा ओढणी, पटकन काढता येतील अशा चपला आणि छत्री टाका. प्लगचा अडॅप्टर बहुधा लागत नाही, आपली दोन गोल पिनांची चार्जर तिथे बसतात. व्हेप मात्र घरीच ठेवा. थायलंडमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे.

मुक्काम कुठे

बॅकपॅकर म्हटलं की सगळे खाओ सान रोड सांगतात. ‘खाओ सान’ म्हणजे सडीक, टरफल काढलेला तांदूळ. एकेकाळी हा तांदळाचा बाजार होता. आता तिथे पहाटेपर्यंत ढणढणाट असतो. एक संध्याकाळ जायला हरकत नाही, पण तिथून मेट्रो जवळ नाही आणि नवख्या माणसाची तीच मोठी अडचण होते.

मी हुआ लाम्पोंग किंवा वाट मांगकोन (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) या स्टेशनांजवळ राहायला सांगेन. दोन्ही निळ्या लाइनवर आहेत, चायनाटाउन पायाखाली आहे आणि डॉर्ममधली खाट साधारण ३०० ते ५०० बाटमध्ये मिळते. बुकिंग करताना फोटोंपेक्षा तीन गोष्टी बघा: स्टेशन ते दार किती मिनिटं, लॉकर आहे का, आणि चेक-इनच्या आधी सामान ठेवून घेतात का. पहाटे उतरणाऱ्याला तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

सुवर्णभूमी ते हुआ लाम्पोंग

मुख्य विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, उच्चार ‘सुवन्नफूम’. इमिग्रेशन, सामान, सिमकार्ड हे सगळं उरकून थेट तळघरात उतरा. तिथे मनी एक्स्चेंजचे काउंटर आहेत आणि वरच्या मजल्यांवरच्या बँकांपेक्षा दर बहुतेक वेळा बरा असतो. पन्नास डॉलर मोडा, बाकीचे शहरात.

त्याच मजल्यावरून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. पहिली गाडी पहाटे साडेपाचच्या सुमारास, शेवटची मध्यरात्रीच्या आसपास. मक्कासानपर्यंतचं तिकीट ३५ बाट, वेळ साधारण २५ मिनिटं. मक्कासानला उतरून जोडपुलावरून चालत फेचाबुरी या मेट्रो स्टेशनात या आणि निळ्या लाइनने सहा स्टेशनं सोडून सातव्यावर, हुआ लाम्पोंगला उतरा. मेट्रोत एका फेरीसाठी काळं गोल टोकन मिळतं. आत जाताना ते टेकवायचं आणि बाहेर पडताना फटीत टाकायचं. कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर तेही थेट गेटवर चालतं, फक्त परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवा. हवेत धावणारी बीटीएस स्कायट्रेन ही वेगळ्या कंपनीची, तिचं तिकीट वेगळं. पहिल्या दिवशी हे लक्षात राहत नाही आणि माणूस गेटला कार्ड घासत बसतो.

मध्यरात्रीनंतर उतरलात किंवा तिघे-चौघे असाल तर टॅक्सी घ्या. यंत्रातून रांगेची चिठ्ठी निघते, तिच्यावरच्या क्रमांकाच्या खांबापाशी जायचं. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, वर विमानतळाचे ५० आणि टोल वेगळा. चालक ठरावीक रक्कम सांगू लागला तर ‘मीटर’ एवढा एकच शब्द शांतपणे म्हणायचा. शहरात उभ्या असलेल्या टॅक्सीपेक्षा धावती टॅक्सी हात करून थांबवलेली बरी. उभी असलेली टॅक्सी सहसा गिऱ्हाइकाची वाट पाहत असते, मीटरची नव्हे.

काही स्वस्त विमानं डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरतात. तिथून लाल लाइनच्या गाडीने बांग सूच्या मोठ्या स्थानकापर्यंत या. तिथेही निळी लाइन भेटते.

पहिला दिवस: काही न पाहण्याचा

सॅक हॉस्टेलात टाका, तोंड धुवा आणि त्याच लाइनने लुम्फिनी पार्कला जा. स्टेशनाचं नाव लुम्फिनी किंवा सी लोम, दोन्हीकडून दार आहे. सकाळी आजी-आजोबा तिथे ताई-ची करत असतात, कुणी धावत असतं आणि तळ्याच्या काठाने घोरपडीच्या जातीचे मोठाले सरडे निवांत फिरत असतात. आपण वाटेतून दूर राहिलो की तेही आपल्याला काही करत नाहीत. नाश्त्याला पाथोंग्को शोधा: कणकेची तळलेली फुगीर जोडकांडी, सोबत गरम सोया दूध. शाकाहारी माणसाची पहिली सकाळ यावर सहज निभते.

लुम्फिनी म्हणजे लुंबिनी, बुद्धाचं जन्मस्थान. एवढं एक नाव कळलं की सगळं शहर कानाला ओळखीचं वाटायला लागतं. स्कायट्रेनचं एक स्टेशन असोक, म्हणजे अशोक. राचथेवी म्हणजे राजदेवी. फ्रा आथित रस्ता म्हणजे आदित्य. साला डेंग मधला ‘साला’ ही आपलीच शाळा, डेंग म्हणजे लाल. ‘सवादी’ हा नमस्कारसुद्धा मुळात स्वस्ति आहे. थाई उच्चारात शेवटची अक्षरं गळतात आणि व्यंजनं सरकतात, एवढं ध्यानात ठेवलं की स्टेशनांची नावं पाठ करावी लागत नाहीत. युरोपातून आलेले बिचारे शेजारच्या खाटेवर बसून तीच नावं घोकत असतात.

दुपारी झोप. खरोखर झोपा. अकरा ते तीन हे तास बँकॉकमध्ये बाहेर काढायचे नसतात, एप्रिलमध्ये तर नाहीच. उठल्यावर पायीच वाट त्रायमितला जा. तिथल्या साडेपाच टन सोन्याच्या बुद्धमूर्तीवर कित्येक वर्षं गिलाव्याचा थर होता. १९५५ मध्ये मूर्ती हलवताना तो तडकला, तेव्हा आतलं सोनं दिसलं. देवळाची वेळ टळली तरी खंत नको, ते रोज वाटेतच लागणार आहे. तिथून बाजूच्या तलात नोई वस्तीत शिरा: अरुंद गल्ल्या, भिंतींवर चित्रं आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे ओशट ढीग. अंधार पडला की चायनाटाउनच्या मुख्य रस्त्यावर, ‘याओवारात’वर, खाण्याच्या गाड्या लागतात. सोमवारी त्यांतल्या बऱ्याच बंद असतात.

पोटाचा प्रश्न

मांस-मासे खाणाऱ्याला काही सांगायची गरज नाही. गर्दी असेल त्या गाडीवर उभं राहायचं आणि बोट दाखवायचं. साठ-सत्तर बाटमध्ये पोट भरतं.

शाकाहाऱ्याची खरी गोची मासे दिसण्याने होत नाही, न दिसणाऱ्या माशाने होते. नाम प्ला, म्हणजे माशाचं पातळ सॉस, हे तिथलं मीठच आहे. कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकट असते. भाजीतही ऑइस्टर सॉस पडतं. ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगितलं की मांस तेवढं निघतं, नाम प्ला राहतं. म्हणून शब्द वापरायचा तो ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात तो लिहिलेला दिसतो, आकार साधारण इंग्रजी आकड्यांतल्या ‘17’सारखा. चिनी बौद्ध परंपरेतल्या या जेवणात मांस, मासे, अंडं, दूध काहीच नसतं, वर कांदा-लसूणही नसतो. म्हणजे कंदमुळं सोडली तर जैन मंडळींचीही सोयच झाली. वर्षातून एकदा नऊ दिवस सगळं चायनाटाउन ‘जे’ खातं, आणि तो काळ आपल्या नवरात्राच्याच आसपास येतो. त्या दिवसांत गेलात तर पिवळी पताका दिसेल तिथे जेवा.

इतर वेळी उपयोगी पडणारी वाक्यं अशी. ‘गिन जे’ म्हणजे जे खातो. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे नाम प्ला घालू नका. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. मिरचीच्या ठेच्यावर वाढलेले आपण ‘फेत’ म्हणायला जातो आणि पस्तावतो. तिथली बारीक मिरची वेगळ्या घराण्याची आहे. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’ आणि बायकांनी ‘खा’ जोडायचं. हे जोडलं की विक्रेत्याचा चेहराच बदलतो.

हे सगळं जमलं नाही तर असोकच्या टर्मिनल २१ मॉलमधलं फूड कोर्ट गाठा. आधी कार्डात पैसे भरायचे, मग स्टॉलवर ते दाखवायचं, उरलेले परत मिळतात. एसी मॉल असूनही भाव रस्त्यावरचेच. आणि तिसऱ्या दिवशी वरण-पोळीची आठवण येऊन डोळे भरले तर साम योत स्टेशनजवळ फाहुरत आहे: कापडाची दुकानं, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आणि आजूबाजूला पंजाबी जेवण.

पाकिटांवरची तारीख पाहून दचकू नका. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. दुधाच्या पिशवीवर २५६९ दिसलं तर ते २०२६ आहे.

दुसरा दिवस: नदीकाठ

सनाम चाय स्टेशन म्हणजे ‘जय मैदान’. हे निळ्या लाइनवर हुआ लाम्पोंगपासून तिसरं. स्टेशन राजवाड्यातल्या दरबारासारखं सजवलं आहे, घाई असली तरी वर बघा. बाहेर पडून पंधरा-वीस मिनिटं चालत राजवाड्याच्या (ग्रँड पॅलेस) उत्तरेकडच्या दारापाशी साडेआठला पोचा. तासाभराने पर्यटकांच्या बसगाड्या येतात आणि मग दगडालाही घाम फुटतो.

इथे खर्चाचा हिशोब आधी मांडतो. राजवाडा ५०० बाट, वाट फो ३००, वाट अरुण २००. तिन्ही मिळून हजार बाट, म्हणजे डॉर्मच्या दोन रात्री. हात आखडता असेल तर वाट अरुणचं तिकीट गाळा, कारण ते देऊळ सर्वांत देखणं दिसतं ते नदीच्या अलीकडून, संध्याकाळी आणि फुकट. वाट फो गाळू नका.

राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात आत फोटो चालत नाहीत. मूर्ती दोन फुटांहून थोडी उंच, हिरव्या दगडाची. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन पोशाख तिला आहेत आणि ते राजा बदलतो. सगळे तिथे गर्दी करतात. तुम्ही मात्र बाहेरच्या ओवऱ्यांना वेळ द्या. भिंतींवर १७८ चित्रांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण रंगवलेलं आहे. दशकंठ म्हणजे ‘थोत्सकान’, सीता म्हणजे ‘सीदा’. हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी तर मुळीच नाही. सेतू बांधताना तो रावणाच्याच मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या माणसाला पचायला हे जरा जड जातं, पण चित्रं सोडवत नाहीत.

दुपारी सावलीसाठी वाट फो. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्याचं काम, आणि त्याच्या पाठीमागे भिंतीलगत १०८ कांस्यपात्रं. वीस बाट देऊन नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका पात्रात एकेक नाणं टाकत जायचं. त्या टणटणाटाने मन जितकं शांत होतं तितकं मसाजनेही होत नाही. मसाज हवाच असेल तर बाहेरच्या गल्ल्यांत तासाला २५० ते ३५० बाट पडतात.

ऊन कलल्यावर था तिएन धक्क्यावरून पलीकडे जाणारी नाव पाच बाटमध्ये वाट अरुणला सोडते. त्यासाठी सुटी नाणी ठेवा. परतताना नारिंगी झेंड्याची लाँच घ्या, भाडं १६ बाटच्या आसपास. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचं तिकीट आधी गळ्यात मारतात. ते कितीतरी महाग. नारिंगी झेंडा, नारिंगी झेंडा असं जपत राहायचं. नावाडी शिट्टीच्या खुणांनी चालकाला धक्क्याला लावून घेतो, बोट पुरती थांबत नाही आणि लोक चढतात. लोकलची सवय असलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

‘आज बंद आहे’

राजवाड्याच्या भिंतीपाशी नीटनेटका, गोड बोलणारा माणूस भेटेल. सांगेल: आज बौद्ध सण आहे, एक वाजेपर्यंत बंद, तोवर वीस बाटमध्ये टुकटुकने चार देवळं बघून या. पहिल्या खेपेला मी बसलो. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि मला ते पुरेसं वाटलं. एक देऊळ झालं, मग सुटाबुटाचं शिंप्याचं दुकान, मग जवाहिऱ्याचं. चालकाला तिथून पेट्रोलचे कूपन मिळतात, हे त्याने स्वतःच हसत सांगितलं. मी काही घेतलं नाही, पण सकाळचे दोन तास आणि उन्हाआधीची वेळ गेली ती गेली. दार बंद आहे की उघडं, हे दारापाशी जाऊनच बघायचं. वाटेतल्या कुणाचंही ऐकायचं नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पासपोर्ट कुठेही तारण ठेवू नका. राजघराण्याबद्दल चेष्टेतही वावगं बोलू नका, त्यासाठी तुरुंगवासाचा कायदा आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, म्हणून पडलेली नोट पायाने दाबायची नाही. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं.

तिसरा दिवस: कालव्याने

शनिवार-रविवार असेल तर हा भाग सोडा आणि निळ्या लाइनने खाम्फेंग फेत स्टेशनला उतरा. जिना चढला की चातुचाक बाजार. नऊच्या आत पोचा, आवडलेली वस्तू लगेच घ्या. त्या गल्ल्यांत तेच दुकान पुन्हा सापडत नाही.

इतर दिवशी साम योतला उतरून उत्तरेला चालत निघा. दहा मिनिटांत लाल रंगाचा अवाढव्य झोपाळ्याचा सांगाडा दिसेल. शिवाच्या उत्सवात इथे ब्राह्मण झोके घेत, १९३५ पासून ते बंद झालं. बाजूलाच राजघराण्याच्या ब्राह्मणांचं देवस्थान आहे, पाटीवर ‘थेवसथान’. ते बघून आणखी पंधरा मिनिटांवर वाट साकेत, सुवर्णटेकडी. ३४४ पायऱ्या, वळसे घेत, दोन्ही बाजूंना झाडी आणि घंटा. पर्वती चढणाऱ्याला काहीच नाही. वरून जुनं शहर आणि मागचे टॉवर एका नजरेत येतात, आणि आपण दोन दिवस कुठे कुठे फिरलो ते तिथे पहिल्यांदा नीट कळतं.

टेकडीच्या पायथ्याजवळ फान फा धक्का आहे. इथून सेन सेप कालव्याच्या बोटी सुटतात. बॅग मांडीवर घ्या, तोंड मिटून ठेवा. पाणी काळं आहे, शिंतोडे उडाले की कडेला बसलेले लोक दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात. तुम्ही कडेला असाल तर ते काम तुमचं. कंडक्टर डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटं फाडतो. दहा-वीस बाटमध्ये एवढा थरार दुसरीकडे नाही. हुआ चांगला उतरलात तर शहराचं कलाकेंद्र पाच मिनिटांवर आहे. प्रवेश मोफत, एसी गार, सोमवारी बंद. प्रातूनामपर्यंत गेलात तर एरावन, म्हणजे ऐरावताच्या नावाचं, चतुर्मुख ब्रह्मदेवाचं स्थान चालत गाठता येतं. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात. इथे १९५६ पासून चौकातच झेंडूच्या माळांचे ढीग आणि नवस फेडायला नाचणाऱ्या नर्तकी.

परतीला स्कायट्रेनने साला डेंगला या. तिथून पुलावरून सी लोमच्या मेट्रोत, आणि पुन्हा आपली निळी लाइन.

हुआ लाम्पोंगला उतरल्यावर लगेच हॉस्टेलला जाऊ नका. वर १९१६ चं जुनं रेल्वे स्थानक आहे. लांबच्या गाड्या जानेवारी २०२३ मध्ये नव्या स्थानकात गेल्या, पण साध्या पॅसेंजर गाड्या अजून इथून सुटतात. खिडकीवर चौथ्या दिवशी सकाळच्या अयुथ्थयाच्या (थायलंडची जुनी राजधानी) गाडीची वेळ विचारून घ्या. तिसऱ्या वर्गाचं तिकीट २० बाटच्या आसपास, उघड्या खिडक्या, दोनेक तासांचा प्रवास. तिकीट त्याच सकाळी काढलं तरी चालतं.